वाटी जासिंताकडे

सान इलारिओबाबाची कृपादृष्टी असो.

मी, एपिफानिया क्रूस मोरालेस, फिदेन्सिओ सांतियागो याची विधवा, वय वर्षे बहात्तर, धंदा मेस्काल, म्हणजे घायपातीची दारू, गाळणे, राहणार सान इलारिओ लाचिदोबा, प्रांत वाहाका, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की, आज रोजी माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे शहरातल्या वकिलाने सांगितले. हे मी कोणाच्या धाकाने, कोणाच्या भरीस पडून किंवा नशेत लिहीत नाही. नशेचा प्रश्न वकिलाने माझा धंदा ऐकल्यावर पुन्हा विचारला, म्हणून उत्तर लेखी देते: सकाळपासून पोटात फक्त कॉफी आणि मक्याची अर्धी भाकरी आहे.

मला मरणाची घाई झालेली नाही. लिहिण्याचे कारण वेगळे आहे. यंदा ईस्टरच्या जेवणाला, माझ्याच टेबलावर, माझ्यादेखत असे ठरले की मी गेल्यावर भट्टी विझवायची, मडकी विकायची आणि बाटलीवरचे नाव एका मोठ्या कंपनीला देऊन टाकायचे. ठरवणारे दोघे: माझा मुलगा आंसेल्मो आणि माझी सून जासिंता. दोघेही माझ्यावर जीव टाकतात, दोघेही लोभी नाहीत आणि दोघांचेही चुकते आहे. ते कसे, हे शेवटच्या कलमात सांगते. आधी बाकीची निरवानिरव करते. ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांची रांग लांब आहे आणि त्यांतले निम्मे कबरस्तानात आहेत.

कलम पहिले. माझा देह

मला नवऱ्याच्या आणि सासूच्या मधोमध पुरावे. जागा अरुंद आहे हे मला ठाऊक आहे. हयातभर मी त्या दोघांच्या मधेच राहिले, आता वेगळी सवय लावून घ्यायची नाही. बँडवाल्यांना पोटभर जेवू घालावे आणि जेवणाआधी पिऊ घालू नये, नाहीतर सासूच्या वेळी झाले तसे होईल. तेव्हा शोकगीत सुरू केले आणि शेवट लग्नाच्या नाचगाण्याने झाला. सासूबाई ऐकत असत्या तर ढोलवाल्याच्या डोक्यात ढोल घातला असता.

कलम दुसरे. घर

घर, अंगण, डाळिंबाचे झाड आणि गळके छप्पर आंसेल्मो व जासिंता या दोघांच्या नावे. दोघांच्या, म्हणजे दोघांच्या. आमच्या गावात मुलाच्या नावे लिहायचे आणि सुनेने त्यात समजून घ्यायचे अशी रीत आहे. मी असे बरेच समजून घेतलेले आहे, पण जासिंताला त्याची गरज पडू नये.

आंसेल्मोबद्दल दोन शब्द. असा मुलगा देवाने प्रत्येक भट्टीवालीला द्यावा. घायपातीची पाती सपासप उतरवून गड्डा मोकळा करावा तर त्यानेच. खड्ड्यात लाकूड रचावे, दगड तापवावेत, गड्डे चढवून वर चटया आणि माती ओढावी, हे सारे चार माणसांचे काम तो एकटा करतो. जिभेच्या बाबतीत मात्र देवाने हात आखडता घेतला. त्याला मेस्काल द्या, मेस्कालच्या मडक्याचे धुवण द्या, दोन्हीवर मीठ-मिरची चाटतो आणि म्हणतो, “वा!” त्याला स्वतःलाही हे माहीत आहे आणि त्याने कधी ते लपवले नाही. मुलाचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

कलम तिसरे. डोंगरउतार

उताराची जमीन गावाची आहे, माझी नाही, म्हणून ती कोणाला देण्याचा आव मी आणत नाही. गावसभेने ती आमच्याकडे कसायला ठेवावी अशी विनंती करते. तिच्यावरची घायपात मात्र आमची आहे. त्यातली काही झाडे जासिंता या घरात आली तेव्हा लावलेली आणि अजून हिरवीच आहेत. लोक विचारतात, इतकी वर्षे कशाची वाट बघता? मी म्हणते, मला मुलगी नाही, जावयाची वाट बघावी लागत नाही, म्हणून हिची बघतो.

एक अट. दर रांगेतल्या थोड्या झाडांचा फुलाचा दांडा कापू नये. त्यांना फुलू द्यावे. वटवाघळांचे पोट भरते आणि आपल्याला बी मिळते. फुललेल्या झाडाची सगळी साखर दांड्यात जाते आणि त्याचा मेस्काल होत नाही, हे आंसेल्मो मला दर वर्षी नव्याने समजावतो. बाळा, मला ते तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. तरीही कापू नये.

कलम चौथे. माझ्या सासूबाई, दोन्या पेत्रोना

यांना देण्यासारखे आता काही उरलेले नाही, पण त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे मृत्युपत्र पुरे होणार नाही. बाटलीवर ज्यांचे नाव आहे त्या याच; ‘दोन्या’ आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने म्हणतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा भट्टीच्या फाटकाच्या आत बाईमाणसाला मज्जाव होता. पिंपात आंबवण फसफसत असताना बाईची सावली पडली की ते फिसकटते, अशी समजूत. सासूबाई त्या फाटकावर पहारा देत. मी झऱ्यावरून पाण्याची घागर आणायची, फाटकाशी ठेवायची आणि मागे वळायचे. एकदा पाय आत पडला तर त्यांनी ओल्या फडक्याने पोटरीवर असा फटका दिला की आठवडाभर मी लंगडत होते. मनात मी त्यांना काय काय म्हणत असे ते इथे लिहीत नाही. कायदेशीर कागद आहे.

मग फिदेन्सिओ गेला. खड्डा नुकताच झाकला होता, वर क्रूस रोवून नजरेसाठी मीठ आणि मिरच्या ठेवून झाल्या होत्या, आणि हात धुता धुता छातीत कळ येऊन तो तिथेच बसला, तो उठलाच नाही. आंसेल्मो तेव्हा माझा पदर सोडत नव्हता. घरात नऊ दिवसांची प्रार्थना बसली. सगळे गाव जपमाळ ओढत होते आणि खड्ड्यात गड्डे भाजून काढणीला आले होते. ते उपसले नाहीत तर नासतात. सुतकात कोणी हात लावेना.

प्रार्थना चालू असताना सासूबाई उठल्या. त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, “चल.”

फाटकात माझा धाकटा दीर क्रेसेन्सियानो उभा होता. सारा गाव त्याला चानो म्हणतो. तो हात आडवे करून म्हणाला, “आई, ही आत गेली तर सगळं नासेल.”

“नासलं तर मी पिऊन दाखवीन. हो बाजूला.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक प्यायला येतील तेव्हा विचारीन त्यांना. तू आधी फाटक सोड, नाहीतर फाटकासकट आत नेईन.”

आम्ही दोघींनी गड्डे उपसले, लाकडी मोगऱ्यांनी कुटले, पिंपे भरली. आंबवण नासले नाही. उलट असे उकळ्या घेऊ लागले की चानोभावजी फाटकाबाहेरून कान देऊन ऐकत होते. पुढे मडक्याखाली जाळ केला, वर तांब्याच्या पातेल्यात गार पाणी घातले आणि बोरूच्या नळीतून धार सुरू झाली. तेव्हा मी घाबरले. पहिली धार जाळते, शेवटची धार ढोबळ लागते आणि दोन्हींचे थोडे थोडे मधल्या धारेत मिसळावे लागते. किती, ते फिदेन्सिओला ठाऊक होते. वाटीत उठणारे मोती, म्हणजे बुडबुडे, बघून जोर किती आहे एवढे कळते, चव कळत नाही.

सासूबाई म्हणाल्या, “मी नाकाने सांगते, तू जिभेने शीक.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“फाटकाबाहेर उभी राहून काय माशा मारत होते? तुझ्या सासऱ्यांनी धार तोडायला एवढासा उशीर केला तरी मला चुलीपाशी कळायचं. विचारलं मात्र कोणी नाही.”

मी त्यांना बायकांना बाहेर ठेवणारी म्हणून ओळखत होते. त्या स्वतःही सारा जन्म बाहेरच उभ्या होत्या, हे तोवर माझ्या डोक्यात आलेच नव्हते. त्या दिवसापासून त्या जाईपर्यंत दर गाळपाला मी तुंब्याची वाटी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहत असे आणि विचारत असे, “आई, झालं का?” आमच्या भट्टीची ही जुनी रीत आहे. गाळणाऱ्याने विचारायचे, घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाने घोट घ्यायचा आणि ‘झालं’ म्हणायचे किंवा ‘बघ अजून’. त्याआधी कोणी तोंड लावायचे नाही, भांडी भरायची नाहीत. दोन्या पेत्रोनांनी मला फटका दिला, फाटक उघडून दिले आणि पोटापाण्याला लावले. मी त्यांची शतशः ऋणी आहे. कबरीवर झेंडू घालायला विसरू नये आणि वाटीतला पहिला थेंब मातीला देताना त्यांचे नाव घ्यावे.

कलम पाचवे. चानोभावजी

माझे दीर क्रेसेन्सियानो यांना मी आमची काळी शेळी देते. ती सारा दिवस त्यांच्या घेवड्यातच असते, तर कागदावरही तिथेच असावी. फिदेन्सिओच्या खेचराचा चामडी पट्टा त्यांनी त्याच्या दफनाच्या वेळी ‘तात्पुरता’ नेला होता. तो त्यांनी ठेवून घ्यावा. तेव्हापासून मी रोज तो परत मागायचा विचार करते आणि रोज विसरते, आता कंटाळा आला.

त्यांनी मला फाटकात अडवले, गावसभेत ते माझ्या भट्टीविरुद्ध बोलले आणि माझ्या सुनेची भर सणात त्यांनी फजिती केली. ती हकीगत पुढे येते. पण तापाच्या साथीत मी आडवी झाले तेव्हा रोज सकाळी उंबऱ्यावर मक्याच्या पेजेचे भांडे ठेवून, दारावर काठी आपटून पळून जाणारा माणूसही हाच. मी ते भांडे ओळखले होते, भावजी. कान तुटलेले आहे. देव तुमचे भले करो.

कलम सहावे. जासिंता

माझी सून जासिंता पलीकडच्या खोऱ्यातल्या कुंभारांच्या गावची. तिला मागणी घालायला आम्ही रिवाजाप्रमाणे पाव, चॉकलेट, टर्की आणि आमचा मेस्काल घेऊन गेलो. तिच्या वडिलांनी घोट घेतला, डोळे मिटले, वाखाणणी केली. तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेल्या पोरीचा आवाज आला. तिला वाटले ती मावशीच्या कानात सांगते आहे.

“यांच्या मडक्याला तडा आहे गं. धूर आत शिरतोय.”

बाहेर सगळ्यांनी ते ऐकले. तिचे वडील लाजेने अर्धे झाले. मी म्हटले, “मुलगी पसंत आहे. जीभ जरा लांब आहे, पण आमच्याकडे काम पुष्कळ आहे.” आणि मनात म्हटले, आली मोठी तडा काढणारी! घरी येऊन मडके पालथे केले. गळ्यापाशी, लिंपणाच्या खाली, केसाएवढा तडा होता. तीस वर्षे धंदा करून मला तो चवीत लागला नव्हता. पोरीसोबत तिच्या आईच्या हातची नवी मडकी आंदण आली आणि तेव्हापासून आमची सगळी मडकी जासिंताच घडवते, भाजते आणि फुटली की रडते.

इतकी जिभेची पोर, मग भट्टी विझवायला का निघाली? याचे कारण मोले, म्हणजे सणासुदीचे वाटल्या मिरच्यांचे कालवण.

एका वर्षी सान इलारिओच्या सणाचा मान पहिल्यांदाच आमच्या घरी आला. गावजेवण आमच्याकडे, मेस्कालही आमचा. नेमके तेव्हाच माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि आंसेल्मो मला शहरात इस्पितळात घेऊन गेला. घरी जासिंता एकटी. अंगणात मोलेसाठी टोपल्याच्या टोपल्या मिरच्या भाजायच्या होत्या आणि भट्टीवर धार चालू होती. ती इकडे मिरच्या परते, तिकडे पळत जाऊन वाटी चाखे. मिरच्या भाजणाऱ्याने वाटीला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, कारण तो धूर नाकात बसला की पुढे दोन दिवस गुलाब आणि गोठा सारखाच. जासिंताला ते सांगायचे राहिले. आमच्या घरात मोले आणि मेस्काल एकाच दिवशी कधी आलेच नव्हते. शेवटची धार जास्त पडली. देवळापुढे सगळे गाव जमले असताना चानोभावजींनी पहिला घोट घेतला आणि थुंकला.

“वहिनीला शहरात पाठवलंत आणि आम्हाला भांडी धुतलेलं पाणी पाजता होय?”

सगळे हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण पोर एकटी उभी होती आणि अंगाला मोलेचा वास येत होता. तिने वाटी खुंटीला अडकवली ती मी परत येईपर्यंत तिथेच होती.

मी म्हटले, “अगं, तुझं नाक मिरचीनं मेलं होतं. त्यात जिभेचा काय दोष?”

“आई, उगाच समजूत घालू नका. देवानं खरी जीभ दिली असती तर ती मिरचीला घाबरली नसती.”

“तडा कोणी ओळखला होता मग?”

“तडा मडक्याचा होता. मडकी मला कळतात. हे तुमचं काम आहे.”

तेव्हापासून ती सगळे करते. आंबवण कधी थंडावले ते पिंपाला कान लावून सांगते, जाळ राखते, धार तोडते, मिसळते. शेवटी मात्र वाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहते आणि विचारते. माझ्या ‘झालं’शिवाय एक भांडे भरत नाही.

सासूबाईंच्या सोन्याच्या तारकामाची कर्णफुले जासिंताला देते. आंसेल्मोशी भांडण झाले की घालावीत. मी तेच करत असे, नवरा लगेच वळणावर येतो.

कलम सातवे. बाटलीवरचे नाव

शहरातल्या रेनाताबाई आमचा मेस्काल बाटल्यांत भरून दूरदेशी पाठवतात. त्या प्रथम आल्या तेव्हा त्यांना बाटलीवर ‘चार पिढ्यांच्या पुरुषांचा वारसा’ असे छापायचे होते. मी म्हटले, “बाई, त्यातल्या एका पिढीने नुसते पिऊन हातभार लावला आहे.” त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. मग त्यांनी विचारले, नाव कोणाचे द्यायचे? मी सासूबाईंचे सांगितले. त्यांनी हुज्जत न घालता ‘दोन्या पेत्रोना’ छापले आणि आजवर मडक्याच्या जागी तांब्याची भांडी आणा, लवकर करा, जास्त करा, असे एकदाही म्हटले नाही. त्यांना कोपऱ्यातला काचेचा मोठा बुधला देते, सीलबंद, आमच्या जुन्या गाळपाचा. एकटीने पिऊ नये.

यंदा एका मोठ्या कंपनीने त्यांच्याकडे नाव विकत मागितले. रेनाताबाईंनी ते आमच्यापासून लपवले नाही. ईस्टरला येऊन सरळ म्हणाल्या, “फानियाबाई, तुम्ही आहात तोवर मी त्यांना दारात उभं करणार नाही. पण तुमच्यानंतर ‘झालं’ कोण म्हणणार, तेवढं सांगा.”

आंसेल्मो म्हणाला, “मला विचारू नका. मला सगळंच झालेलं लागतं.”

जासिंता ताटे उचलत होती. तिने वर न बघता सांगितले, “आईंच्या मागे भट्टी बंद. नाव देऊन टाका. मी मडकी करीन आणि बाजारात विकीन. पुन्हा गावापुढे उभं राहायला मला नाही जमणार.”

त्यावर द्यायचे उत्तर सर्वांसमोर देण्याजोगे नव्हते. ते आता देते. नाव विकू नये.

कलम आठवे. वाटी

मला तापाच्या साथीत ताप आला, त्यात नाक आणि जीभ दोन्ही गेली. कॉफी गरम पाणी झाली, मोले चिखल झाला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या पावसाळ्यात मी सांगितले की चव परत आली. घरात आनंदीआनंद झाला, आंसेल्मोने देवाला मेणबत्त्या लावल्या.

चव परत आलेली नाही. तेव्हाही आली नव्हती, आजही नाही.

असे सांगायचे कारण वाटी. पिंपे भरलेली होती, धार चालू झाली होती, आणि जासिंता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “आई, झालं का?” खरे सांगितले असते तर वाटी पुन्हा खुंटीला गेली असती, या वेळी कायमची. मी घोट घेतला. तोंडात नुसता चटका. काय करावे कळेना, म्हणून तिच्या तोंडाकडे पाहिले. ती शांत उभी होती. मी म्हटले, “झालं.”

पुढच्या खेपेला ती वाटी पुढे करता करता बोलू लागली, “पाणी आज जरा कोमट होतं, लाकूडही ओलं होतं...” मी म्हटले, “बघ अजून.” ती गेली, काय हवे ते केले, परत आली आणि गप्प उभी राहिली. मी म्हटले, “झालं.” तेव्हापासून असेच चालले आहे. जासिंता बोलली की झालेले नसते, गप्प राहिली की झालेले असते. तिला स्वतःला हे माहीत नाही. माझे काम तिच्या तोंडाकडे बघून हो किंवा नाही म्हणण्यापलीकडे काही नव्हते, ते आंसेल्मोलाही जमले असते.

गेल्या वर्षी चानोभावजींच्या नातवाच्या बारशाला आमचाच मेस्काल होता. भावजींनी वाटी रिकामी केली आणि दुसरी मागितली. आणि म्हणाले, “वहिनी, तापानं तुमची जीभ धुऊन निघाली की काय? फिदेन्सिओच्या हातचाही असा उतरत नव्हता.” मी मान डोलावली. दुसऱ्याची स्तुती गिळताना घशाशी अडकते, हे मला तेव्हा कळले.

सबब मी शपथेवर जाहीर करते की, तापाच्या वर्षापासून आजतागायत या भट्टीतून बाहेर पडलेला आणि ‘दोन्या पेत्रोना’ या नावाने कुठल्या कुठल्या देशांत गेलेला थेंबनथेंब हा जासिंताच्या एकटीच्या नाकाने, जिभेने आणि निर्णयाने झालेला आहे. त्यात माझा वाटा शून्य.

पोरी, तू माझ्या मागे काय करशील म्हणून घाबरतेस. ते तू चार वर्षे करते आहेस. मला मुलगी नव्हती. देवाने मडकी घडवणारी, तडा ओळखणारी, फुटक्या मडक्यासाठी रडणारी एक पोर खोऱ्यापलीकडून आणून दिली, आणि जिभेची चव गेल्यावरही माझी भट्टी तिने चालू ठेवली. तुझे आभार मानायला मला एवढा मोठा कागद करावा लागला.

तरी: माझ्या मृत्यूनंतर भट्टी, मडकी, पिंपे, मोगऱ्या, बाटलीवरचे नाव आणि तुंब्याची वाटी ही सर्व जासिंताच्या मालकीची होतील. वाटीचा शब्द तिचा एकटीचा राहील. तिने कोणालाही विचारू नये.

हे तोंडाने का सांगितले नाही? सांगितले असते तर ‘उगाच समजूत घालू नका’ म्हणाली असती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तर खरे वाटेल. साक्षीदार गुप्तता राखणारा असावा, असे वकिलाने बजावले होते. मी विचार करून नेमका उलटा निवडला आहे. माझ्या दिरांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

हे मृत्युपत्र मी पुन्हा वाचून पाहिले, पटले, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवून खाली सही केली.

सही: एपिफानिया क्रूस मोरालेस

साक्षीदार: १. क्रेसेन्सियानो सांतियागो, शेतकरी. २. एवेलिया लोपेस, निवृत्त शिक्षिका.

ठिकाण: सान इलारिओ लाचिदोबा. तारीख: ९ सप्टेंबर २०२४.

पुरवणी

वरील सह्या झाल्यानंतर घडलेल्या गोष्टीमुळे ही पुरवणी त्याच कागदाच्या मागे लिहिते.

काल दुपारी मी डाळिंबाखाली बसले होते. जासिंता आली. हातात वाटी होती, पण पुढे केली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“चार वर्षं मला येड्यात काढलंत!”

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही सांगितलं? पाववाल्याला ठाऊक, फादरना ठाऊक, झऱ्यावर सगळ्या बायांना ठाऊक. मलाच तेवढं शेवटी कळलं. आणि मी रोज तुम्हाला विचारायचे, आई, घेवड्यात मीठ बरोबर आहे का! तुम्ही म्हणायचात, चिमूटभर घाल!”

“घालत होतीस का?”

“घालत होते ना! म्हणून तर आंसेल्मो दिवसभर पाणी पितो!”

मी हसले. ती हसली नाही. मग खाली बसली, पदराने तोंड पुसले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी सवयीने तिच्या तोंडाकडे पाहिले. तिने ते ओळखले आणि तोंड फिरवले.

“बघू नका. संपलं ते. धार तोडली, मिसळलं, भांडी भरून झाकून आले. पहिला थेंब मातीला दिला, पेत्रोनाआजींचं नाव घेतलं. दुसरा घोट मी घेतला.” आणि वाटी माझ्या हातात दिली. “हे तुमच्या वाटणीचं. चव नसेल लागत तर नसू दे. गरम तरी लागेल.”

मी प्यायले. गरम लागले.

सबब आठव्या कलमातील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी ‘कालपासून’ असे वाचावे. बाकी मजकूर कायम.

सही: एपिफानिया क्रूस मोरालेस

साक्षीदार: १. एवेलिया लोपेस. २. क्रेसेन्सियानो सांतियागो. दुसऱ्या साक्षीदाराच्या आग्रहावरून त्यांचे म्हणणे त्यांच्याच हस्ताक्षरात पुढे जोडले आहे: ‘दुसरी वाटी मागितली होती हे खरे आहे. पेजेचे भांडे माझे नव्हते. मी कोणाला काहीही सांगितलेले नाही.’

ठिकाण: सदर. तारीख: १४ सप्टेंबर २०२४.